रुई तोडतो आपण, लावतो कोण?

शनिवारी सकाळी बाड्यावरच्या फुलवाल्यापाशी घटकाभर उभे राहावे. आपल्यातला कोणी ना कोणी तेथे येतोच. फुलवाल्याकडे 'अकौए की माला' मागावी आणि घरी येऊन 'रुईची माळ घातली' असे सांगावे, ही आपली लष्करातली दोन भाषांची जुनी सवय. माळ मारुतीच्या गळ्यात पडते, नारळ फुटतो, तेल वाहिले जाते आणि शनिवार पार पडतो. मात्र ज्या झाडाची ती पाने, ते झाड तुमच्यापैकी कोणाच्या दारी आहे, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ते झाड कोठेतरी असते: रस्त्याकडेला, पडक्या जागेत, दुसऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर. आपण ते तोडतो, किंवा कोणी तोडून आणलेले विकत घेतो. लावत कोणीच नाही.

हा लेख त्या न लावण्याविरुद्ध आहे. तो कोणा एका व्यक्तीविरुद्ध नाही. कारण ज्या प्रकाराबद्दल लिहायचे आहे, त्यात आम्हीही सामील होतो. परंतु सामील होतो म्हणून गप्प बसावे, हे आम्हांस मान्य नाही.

प्रकार असा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आपल्या मंडळाच्या सभागृहामागील मोकळ्या जागेची साफसफाई झाली. तेथे रुईची चार जुनी झाडे होती. ती कोणी लावलेली नव्हती; वाऱ्याने आलेल्या बियांतून उगवलेली होती. ती मुळासकट काढली गेली. त्या जागी हिरवळीच्या तयार लाद्या अंथरल्या, भिंतीच्या कडेने बारा कुंड्या मांडल्या आणि 'फुलपाखरू उद्यान' अशी पाटी लावली. उद्घाटनाच्या दिवशी फुलपाखरांवरच्या कविता वाचल्या गेल्या. आम्हीही वाचल्या. टाळ्या वाजल्या, चहा झाला. त्याच सकाळी उपटलेली रुई ट्रॉलीत भरताना तिच्या पानांवर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या चालताना आमच्यापैकी दोघांनी पाहिल्या होत्या. ट्रॉली गेली. फुलपाखरांची जिवंत पिढी कचऱ्यात पाठवून आपण फुलपाखरांसाठी उद्यान केले, हे आमच्या ध्यानात यायला दोन महिने लागले.

कुंड्यांत जे झुडूप लावले, त्याचे नाव हळदीकुंकू. लाल पाकळ्या आणि मध्ये पिवळा मुकुट, म्हणून हे नाव. नाव इतके मराठमोळे की त्याला परके म्हणवत नाही. पण वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली आहे. ती रुईच्याच गोतातली, चीक असलेली. पहिल्या आठवड्यात कुंड्यांवर एक तांबूस-केशरी फुलपाखरू आले, त्याने अंडी घातली, अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. रोपे ज्या रोपवाटिकेतून आली, तेथे विक्रीपूर्वी कीटकनाशक फवारलेले होते. पाने टवटवीत दिसावीत, एकही भोक नसावे, अशी आपलीच मागणी असते. तेव्हा दोष रोपवाटिकेवर तरी किती टाकावा? पुढे मे महिना आला. ग्वाल्हेरचा मे कसा असतो, ते वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला, सुटीत पाणी घालणारा माणूस गावी गेला आणि बारांपैकी नऊ कुंड्या वाळल्या. हिरवळ पिवळी झाली. पाटी मात्र अजून शाबूत आहे.

आता त्या तांबूस-केशरी फुलपाखराविषयी थोडे. इंग्रजीत त्यास प्लेन टायगर म्हणतात. शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिप्पस, आणि ते 1758 साली लिनिअसने दिलेले आहे. पंखांची टोके काळी, त्यांवर पांढरे ठिपके, बाकी अंग जुन्या पैठणीच्या पदरासारखे तांबूस-केशरी. आफ्रिकेपासून आपल्या देशापर्यंत आणि पुढेही ते आढळते. इजिप्तमध्ये लक्सॉर येथील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात हे फुलपाखरू ओळखू येते. फुलपाखराच्या ज्ञात चित्रांत ते फार जुने मानले जाते. म्हणजे ज्याच्या अळ्या आपण ट्रॉलीत घातल्या, तो काही आगंतुक कीटक नव्हता.

या फुलपाखराची मादी रुईच्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. रुईचा चीक विषारी असतो. अळीला तो अडवू शकत नाही, पण चिकटून गुदमरवू मात्र शकतो. म्हणून अळी आधी पानावर गोलाकार चर कुरतडते, चिकाच्या वाहिन्या तोडते आणि मग चीक थांबलेला तो तुकडा निवांत खाते. पानांतले कडू विष तिच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही राहते. पक्षी एकदा चोच मारतो, पुन्हा मारत नाही. म्हणूनच हे फुलपाखरू इतके सावकाश, कोणाची भीती नसल्यासारखे उडते. अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास उन्हाळी-पावसाळी दिवसांत तीन ते चार आठवड्यांचा असतो. या कडूपणाचा दरारा एवढा, की डॅनाइड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच एका फुलपाखराची मादी हुबेहूब हेच रूप घेऊन वावरते. ती स्वतः कडू नाही; नुसत्या वेषावर जगते. तिची अळी कशावर वाढते, तर घोळीवर. जी घोळ आपल्या आज्या भाजीला निवडत असत आणि जिला आपण आता तण म्हणून खुरपतो, तीच ही.

रुईवर जगणारे हे एकटेच नाही. रुईच्या फुलात पराग सुटे नसतात. त्यांच्या जोडपिशव्या असतात, आणि त्या पायाला अडकवून दुसऱ्या फुलापर्यंत नेण्याचे काम मोठे काळे भुंगे करतात. लाकडात भोके पाडून राहणारे, आपल्या वाड्यांच्या जुन्या तुळयांत घुमणारे ते हेच भुंगे. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा तो देखणा टोळ, ज्याला इथले लोक आकचा टिड्डा म्हणतात, तोही हिच्यावरच असतो. पिवळा मावा असतो, आणि तो खायला ठिपक्यांचे लाल भुंगेरे येतात. एका रुईवर असा एक वाडाच नांदत असतो. आपण चार झाडे काढली म्हणजे चार भरलेले वाडे मोकळे केले.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण फुलपाखरू उद्यानाची कल्पना तरी चांगली होती. होती, पण ती आली कोठून, तेही पाहू. आपल्या पुष्कळ घरांतली मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्या अंगणातल्या मोनार्क फुलपाखरांची छायाचित्रे आपल्या दूरध्वनींवर येतात. मोनार्क हे आपल्या प्लेन टायगरचेच भावंड, एकाच डॅनॉस कुळातले. शरदात ते हजारो मैल उडून मेक्सिकोतील डोंगरांत जाते आणि देवदाराच्या जातीच्या झाडांवर थव्यांनी हिवाळा काढते. गेल्या काही दशकांत त्याची संख्या फार घटली. 2022 साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या स्थलांतरी मोनार्कला संकटग्रस्तांच्या यादीत घातले. पुढच्या वर्षी आकडेमोड पुन्हा तपासून एक पायरी खाली आणले, पण चिंता मिटली नाही. म्हणून तेथे घरोघर लोक रुईच्या गोतातली स्थानिक झुडपे बियांपासून वाढवतात. ते बी ओल्या वाळूत घालून महिना-दीड महिना शीतकपाटात ठेवतात. कारण तेथल्या बियांना हिवाळा सोसल्यावाचून जाग येत नाही.

या तपशिलात आपल्यासाठी एक मोठी थट्टा दडलेली आहे. तेथल्या जाणकारांचा सगळा आग्रह असतो तो आपापल्या भूमीतले झाड लावा, असा. आणि ज्या एका झुडपाविरुद्ध ते सर्वांत जास्त बोलतात, ते म्हणजे आपले हे हळदीकुंकू. अमेरिकेच्या दक्षिण भागात ते हिवाळ्यात मरत नाही, त्याच्या पानांवर मोनार्कच्या एका एकपेशीय परजीवीचे बीजाणू साचत जातात आणि पुढच्या पिढ्यांना रोग जडतो. 2022 पासून कॅलिफोर्नियातील काही परगण्यांत त्याच्या विक्रीला बंदीही आली. म्हणजे मुले तेथे जे उपटत आहेत, ते आपण इथे पैसे मोजून आणले. आणि मुले तेथे जे करीत आहेत, म्हणजे दारच्या मातीतले झाड बियांपासून वाढवणे, ते आपण केले नाही. चित्र घेतले, धडा सोडून दिला. यालाच आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. रुईवर मध मिळत असताना डोंगर कशाला चढावा, असा संस्कृतातही एक जुना न्याय आहे. त्यात झाड नेमके रुईचेच घेतले आहे, हा योगायोग आम्हांस तरी बोलका वाटतो.

येथे न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. परजीवीचा तो दाखला जसाच्या तसा ग्वाल्हेरला लावता येत नाही. आपली रुईही बारमाही हिरवी असते. आणि हळदीकुंकवावर प्लेन टायगरची अळी वाढते, हेही खरे. आमचे भांडण हळदीकुंकवाशी नाही. ज्याला ते कुंडीत हवे त्याने ठेवावे, पाणी घालावे, औषध फवारू नये. आमचे भांडण रुई उपटून त्या जागी ते लावण्याशी आहे. जे फुकट, निर्धास्त आणि विनापाण्याचे उभे होते ते फेकून, जे विकतचे आणि नाजूक आहे त्याला उद्यान म्हणण्याशी आहे.

रुईविषयी आपल्या मनात जी अढी आहे, तिचे तीन पदर आहेत. ते एकेक उलगडू.

पहिला पदर विषाचा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, हे अगदी खरे, आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण आपल्या प्रत्येक जुन्या वाड्याच्या अंगणात कण्हेर आहे. कण्हेर तर विषाच्या बाबतीत रुईला हार जाणारी नाही. तरीही पूजेची फुले म्हणून ती आपण दाराशी लावली आणि पोराबाळांना 'तोंडात घालू नका' एवढे शिकवले. रुईबाबत तेवढेच शिकवावे लागेल: पाने तोडल्यावर हात धुवावे, डोळ्यांना हात लावू नये, लहान मुलांच्या वावरापासून झाड जरा दूर असावे. कण्हेरीला जे लाडाचे स्थान आहे ते रुईला नाकारताना विषाचे कारण पुढे करणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

दुसरा पदर शुभाशुभाचा. चिकाचे झाड घराजवळ नको, असे वास्तूचे पुस्तक घेऊन फिरणारे सांगतात. पण आपल्याच धर्मकृत्यांकडे पाहा. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. रथसप्तमीला रुईची सात पाने अंगावर ठेवून स्नान. नवग्रहांच्या होमात सूर्याची समिधा रुईची. अर्क हे सूर्याचेही नाव आणि रुईचेही. पांढऱ्या रुईच्या मुळीचा गणपती तर कित्येकांच्या देवघरांत आहे. ज्या काळी तिसऱ्या लग्नाचे भय वाटे, त्या काळी वराचे आधी रुईशी लग्न लावून संकट तिच्या माथी मारीत. म्हणजे संकटात रुई, सणात रुई, ग्रहपीडेत रुई. फक्त अंगणात रुई नाही. आपण तिच्याकडून सर्व काही घेतले आणि तिला हातभर जागा दिली नाही. यात अशुभ काही असलेच तर ते आपले वागणे आहे.

तिसरा पदर कोणी बोलून दाखवीत नाही, पण खरा तोच आहे. दौलतगंज, जनकगंज, चिटणीसांची गोठ, ढोली बुवांच्या पुलाकडचा भाग, कोठेही जा; जेथे आपल्यांपैकी कोणाचा वाडा पडला, तेथे पहिल्या पावसानंतर चौथऱ्यावर रुई उगवते. मुले पुण्याला, इंदूरला, परदेशी गेली, म्हातारी माणसे गेली, दाराला कुलूप पडले, छप्पर खचले, आणि एके दिवशी ज्या ओसरीवर आपण पंगतीत जेवलो होतो, तेथे रुई दिसली. त्या दृश्याचा चटका आम्हांसही बसलेला आहे. म्हणून रुई म्हटली की आपल्याला उजाडपणा दिसतो. परंतु जरा शांतपणे विचार करू. रुई घर पाडत नाही. घर पडल्यावर येते. जेथे आपण कोणीच राहिलो नाही, जेथे विटा आणि चुना यांखेरीज काही उरले नाही, तेथे ती पाण्याविना उभी राहते आणि भुंग्याला, टोळाला, फुलपाखराला आसरा देते. आपल्या पडक्या घरात दिवा लावणारी ती शेवटची आहे. तिच्यावर राग धरणे म्हणजे सांत्वनाला आलेल्यावरच आळ घेणे होय.

आता आमचे एक जुने सन्मित्र विचारतात तो प्रश्न. ते म्हणतात, देशी झाड आणि परके झाड हा वाद तुम्ही ग्वाल्हेरच्या मराठी माणसासमोर मांडता? आपण तरी येथले कोठे? प्रश्न बोचरा आहे आणि त्याला बगल देणे बरे नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या तळाचेच लष्कर झाले. तळ उठण्यासाठी असतो; हा उठला नाही. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी आजही कोणी 'आप कहाँ के हैं' असे विचारतो आणि आपण क्षणभर थांबतो.

रुईनेच यावर एक उत्तर दिले आहे, असे आम्हांस वाटते. दख्खनच्या गावांत जी रुई अधिक दिसते ती मोठी रुई; तिच्या कळ्या लांबट, पाकळ्या पसरट आणि मागे वळलेल्या. ग्वाल्हेरच्या कोरड्या मुलखात अधिक करून आढळते ती लहान रुई, म्हणजेच इथला आक; तिच्या कळ्या गोलसर, पाकळ्या उभ्या, टोकांना जांभळी झाक आणि फुलाला मंद वास. वनस्पतिशास्त्राच्या लेखी या दोन निरनिराळ्या जाती आहेत. दोघींच्या कुळाला रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाने कॅलोट्रोपिस हे नाव दिले तेही 1810 सालीच, ज्या वर्षी लष्कर वसले. आपले पूर्वज इथे आले, त्यांना ओळखीचे वाटणारे पण तेच नसलेले झाड दिसले, आणि त्यांनी त्याला आपला शब्द दिला: रुई. त्यांनी सातारा-वाईहून मोठ्या रुईची रोपे बैलगाड्यांतून आणवली नाहीत. इथल्या आकचीच पाने त्यांनी मारुतीला वाहिली आणि मारुतीने ती मानून घेतली. फुलपाखरालाही दोघींत भेद वाटत नाही. येथले होणे म्हणजे हेच असावे: जे भूमीत आहे त्याला आपल्या भाषेत नाव देणे आणि त्याच्याशी नाते धरणे.

आणखी एक. हीच लहान रुई उत्तर ऑस्ट्रेलियात गेली आणि तेथे कुरणे व्यापणारे उपद्रवी तण ठरली. झाड तेच, चीक तोच. तेथे तिच्या भोवती जुने सोबती नाहीत, तिच्यावर अंकुश ठेवणारे कोणी नाहीत. म्हणून तीच वनस्पती तेथे त्रासदायक झाली. तेव्हा देशीपणा ही रक्तात असलेली वस्तू नव्हे. आपल्या भोवतीच्यांचे आपल्यावाचून अडते का आणि आपले त्यांच्यावाचून अडते का, यावर तो ठरतो. या कसोटीला मराठी माणूस ग्वाल्हेरमध्ये उतरला आहे की नाही, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा. रुई मात्र उतरली आहे.

एवढे झाल्यावर करायचे काय, ते सांगितले नाही तर हा लेखही उद्घाटनाच्या भाषणासारखाच होईल. बियांपासून रुई वाढवणे अवघड नाही. तिला अमेरिकेतल्या झुडपांसारखा शीतकपाटातला हिवाळा लागत नाही. ग्वाल्हेरची ऊब पुरते. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत तिची फुगीर, जोडीने येणारी फळे पक्व होतात. हिरवा रंग पिवळसर झाला आणि कडेची शिवण उलू लागली, की फळ काढावे; अथवा आधीच त्यावर पातळ फडके बांधून ठेवावे, नाहीतर बी वाऱ्यावर जाते. मुरार-ठाटीपूरकडच्या मोकळ्या प्लॉटांवर आणि झाशी रस्त्याच्या कडेला अशी झाडे कितीतरी आहेत. एका फळात शेकडो चपटी, तपकिरी बिया असतात आणि प्रत्येकीला रेशमी तंतूंचा झुबका. लहानपणी जिच्यामागे आपण धावलो, ती उडती 'म्हातारी' ती हीच. झुबका उपटून बी वेगळे करावे. बी ताजे पेरलेले बरे. फार जुने झाले की उगवण घटते.

पेरणी मृगाच्या सुमारास करावी. जागा उन्हाची हवी आणि पाणी निथळणारी. वाळूमिश्रित माती, थोडा विटांचा चुरा चालेल. खताची गरज नाही. बी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल टाकावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. रुईचे सोटमूळ फार लवकर खोल जाते, म्हणून जेथे झाड हवे तेथेच पेरणे उत्तम. पिशवीत लावायचे तर लांबट पिशवी घ्यावी आणि चार-सहा पाने होताच जमिनीत उतरवावे. उशीर झाला की मूळ दुखावते. रोपे मरतात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. पाऊस आहे तोवर पाणी घालू नये. एकच झाड लावू नये. पाच-सहा असावीत, कारण कोवळ्या रोपाची सगळी पाने दोन-तीन अळ्या सहज संपवतात. पाने संपली म्हणून घाबरू नये. मूळ जिवंत असले की रुई पुन्हा फुटते. पिवळा मावा दिसला तर पाण्याची धार सोडावी किंवा बोटांनी पुसावा, मग हात धुवावे. औषध कोणतेही मारू नये.

फुलपाखरांना पोटासाठी मधही लागतो, आणि त्यांच्या नरांना आणखी काही. हे नर खुळखुळ्याच्या वाळलेल्या शेंगांवर आणि भुरुंडीच्या झुडपांवर येऊन तेथला रस चाटतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यांना त्यातून मिळतो. तेव्हा कोपऱ्यात खुळखुळा आणि भुरुंडी राहू द्यावी. घोळ उगवली तर तीही. ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत अळ्यांची खाद्यझाडे लावूनच फुलपाखरे बोलावली गेली आहेत, कुंड्यांची आरास करून नव्हे. महाराष्ट्राने 2015 साली राणी पाकोळीला राज्याचे फुलपाखरू घोषित केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. त्या बातमीचा आपल्याला अभिमान वाटला आणि मंडळाच्या फलकावर तिचे कात्रणही लागले. पण अभिमान कात्रणाने फेडता येत नाही.

बाड्याचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पुष्कळ पालटले. टाऊन हॉल, टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट या इमारतींवर रात्री दिवे झळकतात, फरसबंदी झाली, पुतळ्याभोवतीची बाग नीटनेटकी झाली. ते चांगलेच आहे. पण लष्करातून वाहणाऱ्या स्वर्णरेखेचे पात्रही आपण काँक्रीटने बांधून घेतले. आणि जेथे जेथे सिमेंट पोहोचते तेथे तेथे मातीतून आपोआप काही उगवण्याची सोय संपते. रुईला आजवर कोणी लावावे लागले नाही, कारण पडीक जागा होत्या. त्या संपत आहेत. यापुढे ती लावावी लागेल. हे काम नगरपालिकेवर ढकलण्याची आमची इच्छा नाही. जे रुई तोडतात त्यांचे ते काम आहे, आणि तोडणाऱ्यांत आपण पुढे आहोत.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची मागणी तीन ओळींची आहे. सभागृहामागची वाळलेली हिरवळ काढून ती माती पुन्हा मोकळी करावी. येत्या मृगात तेथे रुईचे बी पेरावे. बी गोळा करण्याचे काम आम्ही अंगावर घेतो. आणि जो सभासद शनिवारी माळ वाहतो, त्याने आपल्या अंगणात, गच्चीखालच्या पट्टीत किंवा पडलेल्या वाड्याच्या चौथऱ्यावर का होईना, एक रुई वाढवावी. 'फुलपाखरू उद्यान' ही पाटी तूर्त उतरवून ठेवावी. पहिली अळी पाने कुरतडताना दिसेल, त्या दिवशी ती पुन्हा लावू. तोवर त्या पाटीवर आपला हक्क नाही.

उद्घाटन नको, नारळ नको, कविताही नकोत. मृगाच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सभागृहामागे या, आणि येताना एक खुरपे घेऊन या.